तत्त्वज्ञानात ऑनर्स पदवी: प्रवेशअर्जापासून मौखिक परीक्षेपर्यंत

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार महाराष्ट्रातील पदवीची रचना बदलल्यापासून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करू पाहणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक मला एकच प्रश्न वारंवार विचारतात: 'ऑनर्स' म्हणजे नेमके काय, आणि त्यासाठी करायचे काय? मी एका स्वायत्त महाविद्यालयात या रचनेच्या पहिल्या तुकडीत शिकले. परिपत्रके आमच्याबरोबरच येत होती, नियम मध्येच बदलत होते आणि ज्याला विचारावे तो वेगळे उत्तर देत होता. तत्त्वज्ञान हा विषय मला कधीच कंटाळवाणा वाटला नाही. त्रास झाला तो हिशेबाचा, आणि तो पहिल्या वर्षीच नीट समजून घेतला असता, तर तिसऱ्या वर्षी झालेली धावपळ टळली असती. ती तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. बारीकसारीक नियम विद्यापीठागणिक आणि स्वायत्त महाविद्यालयागणिक थोडे बदलतात. म्हणून प्रत्येक पायरीवर आपल्या महाविद्यालयाचे चालू वर्षाचे नियमपत्रक समोर असू द्या.

1. आधी 'ऑनर्स' या शब्दाचा अर्थ पक्का करा

जुन्या रचनेत तीन वर्षांचे बी.ए. 'तत्त्वज्ञान स्पेशल' घेऊन पूर्ण होत असे. घरातील वडीलधारी मंडळी ऑनर्स म्हणजे तेच समजतात. तसे नाही. नव्या रचनेत तीन वर्षे, म्हणजे सहा सत्रे पूर्ण केली की पदवी मिळते आणि चौथे वर्ष पूर्ण केले, तरच ऑनर्स पदवी मिळते. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीसाठी 120 ते 132 आणि चार वर्षांच्या ऑनर्ससाठी 160 ते 176 श्रेयांक ठरवलेले आहेत. वर्गात सगळे त्यांना क्रेडिटच म्हणतात. एका सत्रात साधारण 20 ते 22 श्रेयांक येतात आणि व्याख्यानाच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे 15 तासांचे अध्यापन.

चौथ्या वर्षालाही दोन वाटा आहेत. एक साधी 'ऑनर्स', जिच्यात लघुप्रबंधाऐवजी जास्तीच्या अभ्यासपत्रिका आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव असतो. दुसरी 'संशोधनासह ऑनर्स', जिच्यात 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प, म्हणजेच लघुप्रबंध, करावा लागतो. दुसऱ्या वाटेसाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून किमान 75 टक्के गुण हवेत. ही अट बहुतेकांना तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस कळते, आणि तोवर पहिल्या वर्षी गमावलेले गुण परत आणता येत नाहीत.

मध्येच शिक्षण थांबवावे लागले, तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी त्या वर्षाच्या श्रेयांकांखेरीज 4 श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. तीन वर्षांच्या आत परत येऊन पुढे शिकता येते आणि प्रवेशापासून सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. घरची परिस्थिती अनिश्चित असणाऱ्यांनी ही सोय लक्षात ठेवावी.

2. महाविद्यालय निवडताना चौथ्या वर्षाबद्दल विचारा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि नेमकी हीच बहुतेक जण ओलांडून जातात. तत्त्वज्ञानाचे विभाग लहान असतात. पुष्कळ ठिकाणी एक किंवा दोनच प्राध्यापक असतात. अशा महाविद्यालयात तीन वर्षांची पदवी उत्तम होऊ शकते, पण चौथे वर्ष, त्यातही संशोधनासह, सुरू करायला मान्यताप्राप्त संशोधन मार्गदर्शक लागतात. प्रवेश घेण्यापूर्वी विभागात प्रत्यक्ष जा आणि तीन गोष्टी विचारा. येथे तत्त्वज्ञान 'मेजर', म्हणजे मुख्य विषय, म्हणून सहाही सत्रे मिळते का? चौथे वर्ष सुरू आहे का, आणि असल्यास दोन्हींपैकी कोणत्या वाटेचे? विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती?

चौथे वर्ष तेथे नसेल, तर घाबरून जाऊ नका. तीन वर्षांनंतर चौथ्या वर्षासाठी दुसरीकडे जाता येते, फक्त ते पहिल्या वर्षापासून माहीत असावे. माझ्या एका वर्गमैत्रिणीला सहावे सत्र संपल्यावर कळले की तिने जिथे जायचे ठरवले होते, तिथे तिच्या मेजरचे श्रेयांक चार कमी भरत होते. तिला ते भरून काढण्यात अख्खा उन्हाळा घालवावा लागला.

परीक्षेचे माध्यमही याच वेळी विचारा. मराठीत उत्तरे लिहिण्याची मुभा पुष्कळ ठिकाणी आहे, पण वर्गातील अध्यापन, नोट्स आणि लघुप्रबंध या तिन्हींचे माध्यम एकच असेल असे गृहीत धरू नका.

3. कागदपत्रे आणि ओळखक्रमांक

प्रवेशासाठी पुढील कागदपत्रे मूळ प्रतींसह आणि किमान तीन झेरॉक्स प्रतींसह तयार ठेवा:

- दहावी आणि बारावीची गुणपत्रके
- शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला
- आधार कार्ड आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल क्रमांक
- राखीव जागेसाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रिमिलेअर
- शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते
- दुसऱ्या मंडळातून आल्यास स्थलांतर प्रमाणपत्र
- शिक्षणात खंड असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र
- शैक्षणिक क्रेडिट बँकेचा, म्हणजेच एबीसीचा, 12 अंकी क्रमांक. आता तो 'अपार' क्रमांकाशी जोडलेला असतो आणि डिजिलॉकरमधून काढता येतो.

शेवटच्या क्रमांकाबद्दल दोन शब्द जास्त लिहिते. तुम्ही मिळवलेले श्रेयांक याच खात्यात जमा होतात, आणि दुसऱ्या महाविद्यालयात जाताना हेच खाते पाहिले जाते. माझ्या आधार कार्डावर वडिलांचे नाव पूर्ण होते आणि बारावीच्या गुणपत्रकावर फक्त आद्याक्षर. एवढ्या फरकामुळे दुसऱ्या सत्राचे श्रेयांक माझ्या खात्यात दिसत नव्हते आणि ते मला पाचव्या सत्रात समजले. दुरुस्तीसाठी परीक्षा विभागात सहा वेळा जावे लागले. म्हणून प्रत्येक निकालानंतर आठ-दहा दिवसांनी खाते उघडून पाहा आणि जे दिसते त्याची प्रत काढून ठेवा. दहावीचे गुणपत्रक, आधार आणि एबीसी खाते या तिन्हींवरील नाव अक्षरशः एकसारखे असले पाहिजे.

4. श्रेयांकांची वही ठेवा, आणि तीही रकान्यांनुसार

एकूण श्रेयांकांची बेरीज पुरी झाली म्हणजे पदवी मिळाली, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. प्रत्येक रकान्यात ठरलेले श्रेयांक स्वतंत्रपणे पुरे व्हावे लागतात. एका रकान्यातील जास्तीचे श्रेयांक दुसऱ्या रकान्यातील तूट भरून काढत नाहीत. मी एका दोनशे पानी वहीत उभ्या ओळींत रकाने आणि आडव्या ओळींत सत्रे आखली होती. ते पान मी तिसऱ्या सत्रात आखले, तुम्ही पहिल्याच आठवड्यात आखा.

रकाने साधारण असे असतात: मेजरच्या अनिवार्य आणि वैकल्पिक अभ्यासपत्रिका, मायनर (मेजरच्या जोडीचा दुय्यम विषय), दुसऱ्या विद्याशाखेतील खुला वैकल्पिक विषय, व्यावसायिक आणि कौशल्यवर्धक अभ्यासक्रम, भाषा आणि क्षमतावर्धन, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, आणि क्षेत्रीय प्रकल्प, सामाजिक सहभाग, कार्यानुभव, सहअभ्यासक्रम अशी प्रत्यक्ष कामे.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांची फसगत भारतीय ज्ञान प्रणालीच्या रकान्यात हमखास होते. तिथेही दर्शने येतात, उपनिषदे येतात, त्यामुळे ही आपलीच मेजरची पत्रिका आहे असे वाटते. तो रकाना वेगळा आहे आणि तो मेजरमध्ये मोजला जात नाही.

मेजर केव्हा ठरवायचा, हेही सगळीकडे सारखे नाही. काही ठिकाणी तो प्रवेशअर्जातच लिहावा लागतो, तर काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय समान पातळीवर शिकून दुसऱ्या वर्षाच्या आरंभी त्यांतला एक मेजर म्हणून निवडायचा असतो. दुसऱ्या पद्धतीत पहिल्या वर्षी तत्त्वज्ञान त्या तिघांत नसेल, तर पुढे ते मेजर म्हणून घेता येत नाही. मायनरच्या निवडीबाबत माझे मत स्पष्ट आहे: संस्कृत, पाली, इतिहास, राज्यशास्त्र, मानसशास्त्र किंवा गणित यांपैकी ज्याचा पुढे तुमच्या तत्त्वज्ञानाला उपयोग होईल तो विषय घ्या, सोपा म्हणून कोणताही घेऊ नका. संस्कृत मायनर असलेला माझा वर्गमित्र चौथ्या वर्षी मूळ सूत्रे स्वतः लावू शकत होता. मी मात्र प्रत्येक वेळी भाषांतरावर अवलंबून होते आणि मला त्याची खंत आहे.

काही श्रेयांक स्वयम् या राष्ट्रीय मंचावरील अभ्यासक्रमांतून मिळवता येतात. पण नोंदणी करण्यापूर्वी महाविद्यालयाची लेखी मान्यता घ्या. आधी अभ्यासक्रम आणि मग परवानगी असा उलटा क्रम केल्यास परीक्षा उत्तीर्ण होऊनही श्रेयांक धरले जात नाहीत.

5. तर्कशास्त्र पहिल्या दिवसापासून सोडवा

बारावीला तर्कशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांना येथे थोडी आघाडी असते. इतरांना प्रतीकात्मक तर्कशास्त्राची धास्ती वाटते. ती वाटण्याचे कारण एवढेच, की आपण ते वाचतो आणि सोडवत नाही. हे गणितासारखे हाताने करायचे काम आहे.

एक साधे उदाहरण घ्या. 'जर पाऊस पडला, तर रस्ता ओला होतो. रस्ता ओला आहे. म्हणून पाऊस पडला.' तिन्ही विधाने आज सत्य असू शकतात, तरीही युक्तिवाद अवैध आहे, कारण रस्ता टँकर गळल्यामुळेही ओला होतो. येथे उत्तरांग ('तर'नंतरचा भाग) मान्य करून त्यावरून पूर्वांग ('जर'नंतरचा भाग) काढले आहे. याच्या उलट, 'सर्व मासे झाडावर राहतात. शार्क मासा आहे. म्हणून शार्क झाडावर राहतो' हा युक्तिवाद वैध आहे, जरी त्याचे पहिले विधान असत्य असले तरी. वैधता हा युक्तिवादाच्या आकाराचा गुण आहे आणि सत्यता हा विधानाचा. हा फरक पहिल्या महिन्यात पक्का झाला, तर पुढील तीन वर्षे सोपी जातात, आणि तो पक्का नसेल, तर नीतिशास्त्राच्या उत्तरातही चुका होतात.

सत्यता कोष्टकात, म्हणजे विधानांच्या सत्य-असत्य शक्यतांच्या तक्त्यात, गुण जातात ते बहुधा ओळींच्या क्रमामुळे. दोन विधाने असतील तर 4 ओळी, तीन असतील तर 8, चार असतील तर 16. पहिल्या स्तंभात अर्ध्या ओळी सत्य आणि अर्ध्या असत्य, पुढच्या स्तंभात त्याच्या निम्म्याने आलटून पालटून, हा क्रम कधीही मोडू नका. नैगमनिक सिद्धता, म्हणजे दिलेल्या विधानांवरून नियमांनी पायरीपायरीने निष्कर्ष काढणे, मात्र रोज दोन याप्रमाणेच सराव करून येते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती कोणालाही येत नाही.

6. दर्शने आणि पाश्चात्त्य परंपरा: संज्ञांची वही

भारतीय भागात चार्वाक, जैन, बौद्ध आणि सहा आस्तिक दर्शने. पाश्चात्त्य भागात ग्रीकांपासून देकार्त, ह्यूम आणि कांट यांच्यापर्यंतचा प्रवास. शिवाय नीतिशास्त्र आणि सामाजिक-राजकीय तत्त्वज्ञान, हा गाभा जवळपास सर्वत्र सारखा आहे. मराठीतून शिकणाऱ्याची खरी अडचण संज्ञांची आहे. एकाच कल्पनेला एका पुस्तकात बुद्धिवाद, दुसऱ्यात विवेकवाद आणि तिसऱ्यात बुद्धिप्रामाण्यवाद म्हटलेले असते. त्याउलट 'आस्तिक' हा शब्द रोजच्या बोलण्यात देव मानणारा या अर्थी येतो, पण दर्शनांच्या वर्गीकरणात त्याचा अर्थ वेदांचे प्रामाण्य मानणारा असा आहे. म्हणूनच ईश्वराची गरज न मानणारे सांख्यही आस्तिक ठरतात. प्रत्येक संज्ञेपुढे ती कोणत्या लेखकाने कोणत्या अर्थाने वापरली, हे लिहीत जा.

दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश तीन खंडांत आहे आणि तो बहुतेक जुन्या ग्रंथालयांत मिळतो. मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाशी जोडलेल्या 'परामर्श' या त्रैमासिकाचे जुने अंक चाळले, तर मराठीत तात्त्विक युक्तिवाद कसा मांडतात, हे कळते. परीक्षेसाठीच्या गाइडमधून उत्तरे पाठ करणाऱ्यांना 60 टक्के मिळतात. 75 च्या पुढे जाण्यासाठी आक्षेप आणि त्याचे उत्तर मांडता यावे लागते.

7. पंचाहत्तर टक्क्यांचा हिशेब आधीच करा

सरासरी काढताना प्रत्येक अभ्यासपत्रिकेच्या श्रेणीला तिच्या श्रेयांकांनी गुणतात. समजा, 4 श्रेयांकांच्या मेजर पत्रिकेत 6 श्रेणीगुण मिळाले आणि 2 श्रेयांकांच्या कौशल्य पत्रिकेत 9 मिळाले. साधी सरासरी 7.5 दिसते. प्रत्यक्षात 24 आणि 18 मिळून 42, भागिले 6, म्हणजे 7 एवढीच सरासरी भरते. लहान पत्रिकांतील चांगल्या गुणांवर विसंबून मेजरकडे दुर्लक्ष केले, तर असे होते. प्रत्येक सत्रानंतर ही आकडेमोड स्वतः करा. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, म्हणजे चाचणी, निबंध आणि सादरीकरण, हे सर्वांत हातात असलेले गुण आहेत, आणि ते बुडाले की पुन्हा मिळवण्याची संधी फार थोडी असते.

8. चौथे वर्ष: लघुप्रबंध

सातव्या सत्रात संशोधनपद्धतीची पत्रिका असते आणि त्याच वेळी विषय ठरवायचा असतो. मी माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे पहिला विषय नेला तो असा: 'भारतीय आणि पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेचा तौलनिक अभ्यास'. त्यांनी पेन्सिलीने त्या ओळीखाली रेघ मारली आणि विचारले, "यात प्रश्न कुठे आहे?" मला उत्तर देता आले नाही. पुढचे पाच आठवडे त्या एका प्रश्नात गेले, आणि ते माझ्या चार वर्षांतील सर्वांत मोलाचे आठवडे होते.

विषय कसा आटोपशीर करायचा, ते माझ्याच उदाहरणावरून दाखवते. ज्ञानमीमांसेतून, म्हणजे ज्ञान कशाने होते या विचारातून, मी अनुमानावर आले. अनुमानातून व्याप्तीवर, म्हणजे अनुमान ज्यावर उभे असते त्या कायमच्या साहचर्यावर: 'जेथे जेथे धूर, तेथे तेथे अग्नी' हे आपल्याला कशावरून कळते? चार्वाकांचा आक्षेप असा, की सर्व देशांतील आणि सर्व काळांतील धूर कोणी पाहिलेला नाही, म्हणून व्याप्तीची खात्री देता येत नाही. दहाव्या शतकातील न्याय दर्शनाचे आचार्य उदयनाचार्य यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात त्याला उत्तर दिले: न पाहिलेल्या देशकाळाविषयी शंका घेणारा माणूस त्या शंकेतच अनुमान वापरत असतो, आणि शंका स्वतःच्या आचरणाशी विसंगत ठरली की तिथे थांबते. मग माझा प्रश्न ठरला: हे उत्तर चार्वाकांचा आक्षेप खरोखर खोडून काढते, की शंका घेणे अव्यवहार्य आहे एवढेच दाखवते? हा प्रश्न साठ पानांत हाताळता येतो. ह्यूमने 1739 मध्ये मांडलेल्या याच स्वरूपाच्या अडचणीसाठी मी फक्त एक प्रकरण ठेवले.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी एका वाक्यात प्रश्न, मग दोन-तीन पानी आराखडा, मग मूळ ग्रंथातील संबंधित भागाचे बारकाईने वाचन आणि त्यानंतरच इतरांनी त्यावर लिहिलेले. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातील पीएच.डी. प्रबंध विनामूल्य उपलब्ध आहेत. ते कच्चा माल म्हणून वापरू नका, आपल्या विषयावर आधी काय झाले आहे ते पाहण्यासाठी वापरा. पहिला मसुदा आठव्या सत्राच्या मध्यापर्यंत मार्गदर्शकांच्या हाती असावा.

वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम आहेत. 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय धरले जात नाही, त्यापुढे मात्र काम दुरुस्तीसाठी परत येऊ शकते. मराठीत लिहिणाऱ्यांना वाटते की इंग्रजी पुस्तकातील परिच्छेद भाषांतरित केला तर सॉफ्टवेअरला कळणार नाही. कदाचित नाही कळणार, पण मौखिक परीक्षेत परीक्षकांना नक्की कळते, आणि मूळ लेखकाचा उल्लेख न करता घेतलेले भाषांतर ही चोरीच आहे. जिथे दुसऱ्याचा विचार आहे, तिथे पृष्ठक्रमांकासह तळटीप द्या.

मौखिक परीक्षेत परीक्षक बहुधा एकच गोष्ट तपासतात: तुमच्या निष्कर्षाविरुद्धचा सर्वांत बळकट आक्षेप तुम्हाला माहीत आहे का? तो आक्षेप लघुप्रबंधातच एका स्वतंत्र परिच्छेदात लिहून ठेवा.

9. पदवी हातात घेताना

ऑनर्स पूर्ण केलेल्यांसाठी एम.ए. एका वर्षाचे होऊ शकते, आणि चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के गुण असल्यास थेट पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेला बसता येते. या दोन्हींसाठी गुणपत्रकावर पदवीचे नाव नेमके काय छापले आहे, हे पाहिले जाते. म्हणून आठव्या सत्राचा निकाल आल्यावर पदवीप्रदानाचा अर्ज भरण्यापूर्वी चार गोष्टी पडताळा: 'संशोधनासह' हा शब्द आहे का, मेजर म्हणून तत्त्वज्ञान लिहिले आहे का, एकूण श्रेयांक एबीसी खात्याशी जुळतात का, आणि देवनागरी व रोमन या दोन्ही लिप्यांतील तुमचे नाव बरोबर आहे का. चूक असल्यास पदवी छापली जाण्यापूर्वी लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक असलेली पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.